डाळिंबी लोकर, फक्त कुमुदसाठी

ताजनापेठ, अकोला
१० नोव्हेंबर २०२४

कुमुदे,

काल फोनवर तू बराच वेळ काहीतरी सांगत होतीस. मला त्यातलं ‘बारसं’ आणि ‘टोपडं’ एवढंच ऐकू आलं, आणि तेवढ्यानंच माझं डोकं फिरलं. कानातलं मशीन मी लावलं होतं. ते शिट्टी वाजवतं, तू बोलत राहतेस, मागून रऊफ “जोर से बोलो, जोर से” ओरडतात आणि शेवटी मी फोन ठेवून देते. त्यापेक्षा पत्र बरं. जिब्रान दर आठवड्याला दुकानाच्या मालासाठी अमरावतीच्या कापडबाजारात येतोच, तो देईल आणून. पत्रात तुला मला मधेच तोडताही येत नाही.

सोबतच्या पिशवीत डाळिंबी लोकरीचे दहा गुंडे आहेत. माल आला तेव्हाच मी जिब्रानला म्हटलं, हे बाजूला काढ, गिऱ्हाइकाला दाखवूही नको. मोर्शीच्या शाळेत आठवीत बाईंनी आपल्या हातात सुया दिल्या, तेव्हापासून पंचावन्न वर्षं तू विणते आहेस. नवरा, दीर, नणंदेची पोरं, किशोर, सून, नात, शेजारीण, शेजारणीची विहीण. एकदा तर दूधवाल्याला कानटोपी! आणि तुझ्या स्वतःच्या अंगावर काय, तर सासूबाईंची ती करडी, भोकं पडलेली शाल.

माझ्याकडे बघ. अकोल्यासारख्या भट्टीत राहून माझ्या कपाटात मी विणलेले माझे नऊ स्वेटर आहेत. रऊफ म्हणतात, “बेगम, ये अकोला है, कश्मीर नहीं.” म्हणू देत. मला विणायला आवडतं आणि विणलेलं घालायला आवडतं. त्यात लाजायचं काय?

तर अट ऐक. या लोकरीचा स्वेटर होईल तो फक्त कुमुदसाठी. पुढून उघडा, बटणांचा. यातला एक धागा जरी दुसऱ्याच्या अंगावर दिसला, तर मी अमरावतीला येऊन तो काढून आणीन.

तुझ्यावर वैतागलेली,
हमिदा

*

रुक्मिणीनगर, अमरावती
१८ नोव्हेंबर

हमिदा,

तुझं पत्र आहे की कोर्टाचं समन्स? जिब्राननं पिशवी दिली, चहासुद्धा घेतला नाही, म्हणाला, “मौसी, अम्मीनं सांगतलं हाय, पिशवी द्यायची अन् वापस यायचं, नाहीतर मौसी तुलेच उभा करून माप घेईन.” लेकालाही शिकवून पाठवतेस.

लोकर छान आहे. मऊ आहे, हात फिरवत राहावंसं वाटतं. पण रंग काय हा? एकोणसत्तर वर्षांच्या बाईनं डाळिंबी घालून कुठे जायचं, कौंडण्यपूरच्या जत्रेत? तरी तुझा मान म्हणून सुरुवात केली आहे. खालची पट्टी झाली, दोन उलट दोन सुलट. आता पाठ चालू आहे.

तुझे नऊ स्वेटर तुला लखलाभ. मला स्वतःसाठी विणायला बसलं की हात जड होतात, खरंच सांगते. किशोरचा स्वेटर विणताना सुया आपोआप चालतात, कारण तो डोळ्यांसमोर असतो. स्वतःचं काय डोळ्यांसमोर आणायचं?

आणि आता चिडू नकोस. गीतांजलीच्या भावाला मुलगी झाली. पुढच्या रविवारी बारसं. सून काही बोलली नाही, पण तिच्या माहेरचं काम आहे, रिकाम्या हातानं कसं जायचं? दोनच गुंडे घेतले. टोपडं, मोजे आणि एक झबलं. डाळिंबी रंग बाळाला काय खुलेल म्हणून सांगू!

आठ उरलेत. पुरतील मला, मी काही पहिलवान नाही.

कुमुद

*

अकोला
२५ नोव्हेंबर

कुमुदे,

एक आठवडा! आठ दिवससुद्धा तुला धीर निघाला नाही. मी तुला ओळखून होते, तरी लोकर दिली. म्हणजे दोघींत मूर्ख कोण ते ठरलंच.

‘सून काही बोलली नाही.’ अगं, बोलायची गरजच काय? अशा सुना बोलत नाहीत, नुसतं उसासा टाकून “भावाकडं बारसं हाय” म्हणतात, आणि तुझ्यासारख्या सासवा सुया घेऊन धावतात. मला गीतांजलीचा राग नव्हता आजपर्यंत. शाळेत शिकवते, बडनेऱ्यापर्यंत रोज जाते-येते, कष्टाची आहे, सगळं मान्य. पण म्हाताऱ्या बाईच्या अंगावरची लोकर माहेरी न्यायची म्हणजे फार झालं.

आणखी दोन गुंडे पाठवते आहे. पण लॉट वेगळा आहे, आधीचा संपला. रंग डोळ्याला सारखा दिसेल, विणल्यावर पट्टी उमटेल. म्हणजे तुझ्या स्वेटरवर त्या बारशाचा डाग आयुष्यभर राहणार. राहू दे. बघशील तेव्हा माझी आठवण कर.

पाठ कुठवर आली ते इंचांत लिही. ‘चालू आहे’ हे उत्तर मला नको.

हमिदा

*

अमरावती
६ डिसेंबर

हमिदा,

पाठ झाली. पुढची उजवी बाजू काखेपर्यंत आली. झालं समाधान?

गीतांजलीबद्दल असं लिहू नकोस. ती माझं फार करते. घरात सगळेच माझ्या विणकामाचं कौतुक करतात. किशोर ऑफिसात माझेच स्वेटर घालून जातो, साहेबसुद्धा विचारतात कुठून घेतला म्हणून. दामिनी पुण्याला इंजिनीअरिंग करते, तिच्या हॉस्टेलच्या मैत्रिणी तिच्या स्वेटरवर जीव टाकतात. गीतांजली तर दुसरा स्वेटर अंगाला लावत नाही. उरलेले नीट कपाटात आहेत, डांबराच्या गोळ्या घालून.

थंडी यंदा बरी आहे. मटार स्वस्त झालेत. दुसरं काय लिहू?

कुमुद

*

अकोला
१२ डिसेंबर

कुमुद,

आज ‘कुमुदे’ लिहिणार नाही, कारण हसण्यावारी नेण्यासारखं हे पत्र नाही.

काल मी मिस्बाहला घेऊन बसस्टँडकडे गेले होते. तिथे फुटपाथवर हिवाळ्यात जुन्या गरम कपड्यांचे ढीग लागतात. माझी नात असले ढीग उपसण्यात पटाईत. तिनं एक बाटली-हिरवा स्वेटर वर ओढला आणि म्हणाली, “दादी, हाथ का बुना हुआ है.” मी तो तिच्या हातातून ओढून घेतला.

हिरव्यावर नारिंगी चौकडा. किशोरचा. ज्या वर्षी तुला चिकनगुनिया झाला होता, बोटं मिटत नव्हती, तेव्हा त्याची डावी बाही मी इथे विणून पाठवली होती. माझा हात सैल, तुझा घट्ट. टाके मोजून तेवढेच घातले तरी माझी बाही दोन बोटं लांब झाली, आणि तू ती तशीच जोडलीस, कारण तुला उसवायचा कंटाळा. ती लांब बाही काल माझ्या हातात होती. आता सांग, माझा डोळा चुकला म्हणून.

ढीगवाल्याला विचारलं. म्हणाला, माल अमरावतीहून भांडेवाल्या बायकांकडून येतो. जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देतात ना, त्या.

म्हणजे साहेब कौतुक करतात तो स्वेटर फुटपाथवर, आणि तू मला डांबराच्या गोळ्यांच्या गोष्टी सांगतेस. तुझ्या सुनेनं तुझ्या पाठीमागे तुझी मेहनत भांडेवालीच्या पदरात टाकली. तुला माहीत नसेल तर हे वाचून वाईट वाटेल, माहीत असेल तर तू गिळून बसली आहेस. दोन्हीत माझा जीव जळतो. तू बोल तिच्याशी. आठ दिवसांत तुझं पत्र आलं नाही, तर मी जिब्रानच्या गाडीत बसून येते आणि मी बोलते. मला तिचं उत्तर ऐकू येणार नाही, हे अजूनच सोयीचं.

हमिदा

*

अमरावती
१६ डिसेंबर

हमिदा,

येऊ नकोस. गीतांजलीला एक शब्द बोलू नकोस. तो स्वेटर तिनं दिला नाही. मी दिला.

आता सगळंच लिहिते, तूही मधेच तोडू शकत नाहीस.

किशोर माझे स्वेटर घालून ऑफिसात जात नाही. तो मोटरसायकलवर जाकीट घालतो, चेनचं, विकतचं. दामिनी नेते आणि पुण्याला बॅगेतच ठेवते. गीतांजलीला लोकर टोचते, ती शाल घेते. कोणी वाईट बोलत नाही. मी विणून दिलं की “वा, आई” म्हणतात, एकदा घालून फोटो काढतात आणि स्वेटर कपाटात जातो. बारशाचंही तसंच. गीतांजली दुकानातून गुलाबी सेट आणणार होती. मीच म्हटलं, कशाला, मी विणते.

कपाट भरलं, हमिदा. आणि कपाट भरलं की मी कोणासाठी विणू?

तुला हे कळणार नाही. तुझ्या घरात तू पहिल्या दिवसापासून सांगितलंस, माझ्यासाठी विणते, आणि रऊफभाई हसले, विषय संपला. आमच्याकडे मी लग्न होऊन आले तेव्हा दुपारी सुया घेऊन बसले की सासूबाई दारातून विचारायच्या, “कोनासाठी हाय?” नाव सांगता आलं पाहिजे. “ह्यांच्यासाठी” म्हटलं की त्या आत जायच्या. “भाऊजींसाठी” म्हटलं की चहा मिळायचा. एकदा मी म्हटलं, असंच, हात चालावा म्हणून. तर म्हणाल्या, “मंग तूर निवड. हात बी चालंन, काम बी होईन.” सासूबाई जाऊन वीस वर्षं झाली, हे गेल्याला सहा. पण सुया हातात घेतल्या की अजून मला नाव लागतं. नावाशिवाय बसले की चोरी करते आहे असं वाटतं.

आणि मला विणायचं असतं गं. गुडघे गेले, डोळे अर्धे गेले, टीव्हीचा आवाज डोक्यात जातो. पण सुया चालायला लागल्या की मी बरी असते. ओळ संपली की सुई फिरवायची, दुसरी सुरू. एवढंच सुख आहे मला, आणि तेही फुकट बसून घेता येत नाही.

म्हणून दर दिवाळीनंतर गीतांजली शाळेत गेली की मी कपाटातले दोन-तीन काढते, ओसरीवर भांडेवाली येते, तिला देते. मग थंडी पडली की किशोर सहज विचारतो, “थो हिरवा कुटी गेला?” मी म्हणते, अरे, सापडत नाही, थांब, दुसरा विणते. झालं, नाव मिळालं.

अकरा स्टीलचे डबे जमलेत. एकाचंही झाकण नीट बसत नाही.

सगळ्यात वाईट आता लिहिते. स्वेटर सापडत नाही म्हटल्यावर किशोर सुनेला बोलतो. “तुले घरातली एक वस्तू सांभाळता येत नाही.” आणि मी ऐकत बसते.

कुमुद

*

अकोला
२० डिसेंबर

कुमुदे,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा रडले, ते रऊफना दिसलं, त्यांना वाटलं कोणी गेलं. तिसऱ्यांदा एवढी चिडले की मशीन कानातून काढून टेबलावर आपटलं.

माझी डावी बाही देऊन तू बिनझाकणाचा डबा घेतलास? हिरवा स्वेटर मी तिथेच विकत घेतला, तो आता तुला परत मिळणार नाही, सांगून ठेवते. तो माझा दहावा. बाही मला बरोबर येते.

राहिलं तुझ्या चोरीचं. तुला नाव हवं होतं तर माझं सांगायचं होतंस. हमिदासाठी विणते म्हणायचं आणि स्वतः घालायचं. पण नाही, तुला प्रामाणिकपणे खोटं बोलायचं होतं! विणायला आवडतं हे सांगायला बाईला लाज वाटते, आणि सुनेला नवऱ्याची बोलणी खाऊ घालायला लाज वाटत नाही. मी त्या पोरीबद्दल केवढं काय लिहिलं! मला आता तिच्या तोंडाकडे बघवणार नाही. तुला रोज कसं बघवतं?

मला तुझी दया येते, पण ती मी बाजूला ठेवली आहे. आधी तिला सांग. डबे समोर ठेव आणि सांग. नाही सांगितलंस तर यापुढे माझ्या दुकानातून तुला लोकर मिळणार नाही. अमरावतीत दुसरीकडे घे, आणि ती धुतल्यावर रंग सोडेल तेव्हा बस रडत.

हमिदा

*

अमरावती
५ जानेवारी २०२५

हमिदा,

सांगितलं.

गेल्या रविवारी गीतांजली मेथी निवडत होती. मी अकराही डबे ओट्यावर मांडले. तिला वाटलं मी भांडी घासायला काढलीत. मग सांगितलं सगळं, सासूबाईंच्या “कोनासाठी”पासून. ती मेथी निवडतच राहिली. मला वाटलं ऐकलंच नाही. मग म्हणाली, “म्हंजे चार वर्सं हे मले बोलत होते, अन् तुमी बाजूले बसून आयकत होत्या?”

मी म्हटलं, “हो.”

“मी सारं घर उलटंपालटं केलं, आई. कामवाल्या बाईवर सुद्धा संशय घेतला मी.”

पुढे दोन दिवस बोलली नाही. जेवायला वाढायची, पाणी ठेवायची, बोलायची नाही. सासूबाई रागवायच्या त्यापेक्षा हे भारी पडतं, मला माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “ह्यांले तुमी सांगा. मी नाही सांगनार.”

किशोर जेवत होता. मी सांगितलं, तुझा हिरवा स्वेटर मी दिला होता, बाकीचेही. गीतांजलीनं काही हरवलं नाही. तो भाकरी मोडता मोडता म्हणाला, “कोनता हिरवा?”

आठवतच नव्हता त्याला! चार वर्षं तिला बोलला तो फक्त बोलायचं म्हणून. गीतांजली परात तशीच टाकून त्याच्याकडे वळली आणि जे बोलली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. मी मधे पडले नाही. खरं सांगू, मला बरं वाटलं.

त्या संध्याकाळी ती माझ्या खोलीत आली. तुझा डाळिंबी खाटेवर पडला होता. पाठ उचलून तिनं माझ्या पाठीला लावली आणि विचारलं, “आई, हे कोनाचं माप हाय?” माझंच, म्हटलं, वहीत आहे. शाळेतली विणकामाची वही माझ्याकडे अजून आहे, त्यात सगळ्यांची मापं आहेत, किशोरची तर दरवर्षीची. माझं एकच आहे, पहिल्या पानावर, बाईंनी लिहिलेलं. छाती बत्तीस. त्यावरूनच विणत होते.

तिनं टेप आणली. “बेचाळीस,” म्हणाली. मी म्हटलं शक्य नाही. तिनं पुन्हा मोजलं, शाळेतल्या पोरांना दाखवतात तशी टेप माझ्या डोळ्यांपुढे धरली. बेचाळीस. तू विचारशील, अंगाला लावून पाहिलं नाहीस? स्वतःच्या पाठीला स्वतः कसं लावायचं?

मग तिनं धागा धरला आणि आम्ही सगळं उसवलं. ती ओढत होती, मी गुंडाळत होते. माफ केलं असं ती म्हणाली नाही, मीही विचारलं नाही. परवापासून पुन्हा टाके घातलेत.

कुमुद

*

अकोला
१३ जानेवारी

कुमुदे,

आठवीतल्या मापानं! पंचावन्न वर्षांत जगाच्या छात्या मोजल्यास आणि स्वतःला बत्तीसवर ठेवून दिलंस. आता मी कोणत्या भिंतीवर डोकं आपटू ते सांग.

बेचाळीसला तुझे दहा गुंडे पुरत नाहीत. आणखी चार पाठवते. लॉट पुन्हा वेगळा. दोन ओळी या गुंड्याच्या, दोन त्या, असं आलटून पालटून विण, म्हणजे पट्टी उमटणार नाही. हे मी तुला शिकवायचं म्हणजे कमाल आहे.

गीतांजलीसाठी वेगळी चिठ्ठी आहे. तू उघडू नकोस. मी तिची माफी मागितली आहे. कशाची, ते तिला माहीत नाही, तिनं विचारलं तर तूच सांग.

आता थंडी संपायच्या आत पूर्ण कर. आणि एक कळव, कोणी मागितला तर काय म्हणणार आहेस? उत्तर आधीच पाठ करून ठेव. तुझ्या तोंडातून ‘घे’ हा शब्द तुझ्याआधी निघतो.

हमिदा

*

अमरावती
१७ मार्च

हमिदा,

थंडीच्या आत झाला नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन मधे आलं, गीतांजलीनं सुया कुलपात ठेवल्या होत्या. होळीच्या आदल्या दिवशी शेवटचं बटण लावलं. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नाही, आणि माझा स्वेटर तयार.

होळीला दामिनी आली पुण्याहून, एकाच दिवसासाठी. पोरीनं खोलीत शिरल्या शिरल्या स्वेटर उचलला आणि अंगात घातला. बेचाळीसचा, तिच्या अंगावर तंबू. मी म्हटलं, सुटले, हिला होणार नाही. तर आरशापुढे उभी राहून म्हणते, “आजी, ओव्हरसाइज! भारी आहे एकदम. सध्या हेच चालतं. मी नेते हा.”

मोठाच चालतो आता, हमिदा! मी बत्तीसचा विणला असता तर वाचले असते.

तू म्हणालीस तसंच झालं. ‘घे’ ओठांवर आला होता. पहिल्यांदा माझं विणलेलं कोणीतरी मनापासून मागत होतं, तेही माझी नात. आठ वर्षांची असताना तिच्यासाठी मी सशाचे कान असलेली टोपी विणली होती, ती घालून झोपायची, ते सगळं डोळ्यांपुढे आलं. किशोर दारातून म्हणाला, “देऊन टाक न आई. उन्हाळ्यात तुले काय करायचं हाय?” गीतांजली पुरण वाटत होती. तिचा हात थांबला, पण ती वळली नाही. मला वाचवायला येणार नाही हे मला समजलं.

मी म्हटलं, “नाही.”

दामिनी हसली, तिला गंमत वाटली. “अगं आजी, तू कुठे घालणार?” म्हणून घडी करायला लागली. मी तिच्या हातातून घेतला आणि तिथेच घातला. सगळी बटणं लावली, वरचंसुद्धा, आणि खुर्चीत बसले. म्हटलं, तुला दुसरा विणून देईन, रंग सांग. हा माझा आहे. किशोर म्हणाला, “आई, घाम येऊन राहिला तुले.” येऊ दे म्हटलं. गीतांजलीनं हात धुतले, पंखा पाचवर केला आणि पुन्हा पुरणाकडे गेली.

चारची बस होती. पोरीचं तोंड एवढंसं झालं, पाया पडली पण नेहमीसारखी बिलगली नाही. मला फार वाईट वाटलं, हमिदा, अजून वाटतं आहे. ब्लाउज पाठीला चिकटला होता, मानेवरून घाम ओघळत होता, ऑटो वळेपर्यंत मी फाटकात उभी राहून हात हलवत होते. पण एक बटण काढलं नाही.

कुमुद